चौकातून तारकर्लीला

६ ऑक्टोबर, लखनौ
दिवाळीला गावी विट्याला जायचं, तिथून पुढे कोकणात तारकर्लीला. ह्यांना स्कूबा करायचंय. उमर इथल्या चौक बाजारात सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या भट्टीपुढे गेली, आता समुद्राचा तळ बघायचा म्हणतात. भरवसा कशाचा, तर लहानपणी विहिरीत मारलेल्या मुटक्यांचा. गेल्या वर्षीच्या अँजिओप्लास्टीचं कुणी नावच काढेना. शेवटी मीच काढलं.

९ ऑक्टोबर
तिकडच्या एका स्कूबावाल्याला फोन केला. फॉर्मवर हृदयविकाराचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "काकी, ‘नाही’ लिहा, सगळे तसंच लिहितात." फार संताप आला. अहो, गळाभर पाण्यात उभं राहिलं तरी पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदय जास्त भरतं. पाणी गार असलं की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. कुणाच्या तर फुप्फुसातच पाणी झिरपतं, धाप लागते, खोकल्यातून फेस येतो. १० मीटर खाली दाब दुप्पट, तोंडात नळी. तिथे छातीत कळ आली तर सांगणार कसं?

१४ ऑक्टोबर
इथल्या लारी हृदयरोग केंद्रात टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी. त्या दिवशीची मेटोप्रोलॉलची गोळी टाळायची का, असं ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात गोळी घेऊनच उतरणार ना, मग टेस्टही गोळी घेऊनच. ह्या गोळीने नाडी फारशी चढत नाही, दम लवकर लागतो. तेच तर बघायचं होतं. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढे, चढही. तिसऱ्या टप्प्याला ह्यांची पाठ घामाने निथळत होती, कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, थांबवावं. पण टप्पा पुरा केला. छातीत दुखलं नाही, ईसीजीत बदल नाही. साधारण १० मेट्स, म्हणजे बसल्या जागी लागतो त्याच्या दसपट ऑक्सिजन. प्रवाहाविरुद्ध पाय मारायची वेळ आली तर एवढी ताकद हाताशी हवीच.

१७ ऑक्टोबर
हृदयाचा इकोही चांगला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: उथळ पाणी, शांत समुद्र, घाई नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तेव्हा कान मोकळे करताना जोर लावायचा नाही.

१८ ऑक्टोबर
दुसरा स्कूबावाला मिळाला. त्याने आधी चिठ्ठी मागितली. बोटीवर ऑक्सिजन ठेवतो. समुद्र खवळला तर बोट काढणार नाही म्हणाला. ह्यांनी स्वतः फॉर्मवर ‘हो’ लिहिलं, खाली सगळ्या गोळ्यांची नावं. गोव्याच्या मोपा विमानतळावरून परतीचं विमान मी एक दिवस पुढे ढकललं. पाण्यातून वर आल्यावर लगेच उडायचं नसतं.