घराच्या अंगणात नाव बांधायची म्हटलं तर!

वडशाला यायचं तर रेल्वेनं या. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारी गाडी जंगलातून, धानाच्या बांध्यांमधून धावते आणि वडशाला थांबते. आमचं हे स्टेशन कित्येक वर्षं गडचिरोली जिल्ह्यातलं एकुलतं एक स्टेशन होतं, बरं का! गावाची नावंही दोन. रेल्वेच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. दिवाळीनंतर आलात तर झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं आणि त्यांच्या रंगीत पाट्या बघायला मिळतील. पण आज मी तुम्हांला नेणार आहे गावापलीकडच्या नदीवर.

ही वैनगंगा. पलीकडचा काठ चंद्रपूर जिल्ह्यातला, ब्रह्मपुरी तालुक्याचा. आता पूल आहे, म्हणून एसटी भुर्रकन पार होते. तरी पात्रात अजून डोंगे दिसतात. डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडी नाव. ढिवर बांधव त्यातून जाळी टाकतात. डोंगा बघितला की माझ्या वर्गातल्या पोरांना एकच सुचतं, "सर, आपण बांधू या का एक?"

का नाही? लाकडाचं तर हे माहेरघरच. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान एवढं नावाजलेलं, की अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून सागवान गेलं. (जंगलात जाऊन झाड तोडायचं नाही हं! सागवान डेपोतूनच घ्यायचं आणि वाहतुकीचा परवाना जवळ ठेवायचा.) नावेला सागवानच का आवडतं? त्यात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे ते सहज कुजत नाही, वाळवी लवकर लागत नाही आणि ओलं-सुकं झालं तरी फारसं फुगत-आक्रसत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी 'ट्रिंकोमाली' नावाची लढाऊ नौका सागवानात बांधली. ती पाण्यात उतरली १८१७ साली. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आहे, आणि अजूनही तरंगते!

पण ती गोदीत, शेकडो हातांनी बांधलेली. घरी, दोनच माणसांना जमेल का?

जमलं आहे. लॅरी पार्डी आणि लिन पार्डी हे नवरा-बायको. लॅरी कॅनडाचा, लिन अमेरिकेची. त्यांनी स्वतः खपून 'सेराफिन' नावाची चोवीस फुटांची नौका बांधली आणि १९६८ साली पाण्यात सोडली. आमच्या वर्गाची खोली याहून फार लहान नाही! तिला इंजीन नव्हतं, नुसती शिडं. तेवढ्यावर दोघांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. मग मोठी नाव हवीशी वाटली. तेव्हा ते राहायला गेले कॅलिफोर्नियातल्या एका कोरड्या, डोंगराळ दरीत. समुद्र तिथून बराच लांब. तिथे काही वर्षं राबून त्यांनी साडेएकोणतीस फुटांची 'तालेसिन' बांधली. तिच्या फळ्या कशाच्या होत्या? सागवानाच्या! आतल्या फासळ्या ब्लॅक लोकस्ट नावाच्या काटेरी, शेंगांच्या झाडाच्या. १९८३ साली ती समुद्रात उतरली आणि तिच्यातूनही दोघांनी जग पालथं घातलं. लिननं या बांधकामाच्या दिवसांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. लॅरी २०२० साली वारला.

लॅरी लाकडात मुरलेला होता, हे खरं. ज्याला रंधा कसा धरायचा तेही ठाऊक नाही, त्यानं काय करावं? त्याच्यासाठी इंग्लंडमध्ये १९६३च्या सुमारास एक झकास युक्ती लोकांपर्यंत पोहोचली. 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पुढाकारानं 'मिरर' नावाची छोटी नाव निघाली. जॅक होल्ट हा नौकांचा आराखडे काढणारा, आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा. दोघांनी मिळून ती तयार केली. प्लायवूडचे तुकडे कापून मिळायचे. त्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं चक्क शिवायचे! आई गोधडीचे तुकडे जोडते ना, तसे. मग सांध्यावर काचतंतूची पट्टी आणि राळेसारखं रसायन लावायचं. वाळलं की तारेची टोकं छाटायची. जेमतेम अकरा फुटांची, पंचेचाळीस किलोंची नाव तयार. अशा सत्तर हजारांवर नावा झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी घरोघरी, हौशी माणसांनी बांधलेल्या.

हे ऐकून चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, घरात बांधली तर दारातून निघेल कशी?" शाबास! म्हणून आधी दार मोजायचं, मग नाव. नाहीतर अंगणात मांडव घालायचा.

प्लायवूडही कुठलंही चालत नाही. दुकानात 'आयएस ७१०' असा छाप बघा. ते मरीन प्लाय. त्याचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, तरी थर सुटता कामा नयेत. साध्या प्लायचा एक तुकडा घरी पाण्यात भिजत घाला आणि रोज बघा. दुकानदार मरीन प्लायचे जास्त पैसे का मागतो, ते तुमचं तुम्हांलाच कळेल.

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, आपली नाव तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, सपाट बुडाची, अगदी पेटीसारखी. काठ ३५ सेंटिमीटर उंच. नाव आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचं तुम्हांला ठाऊकच आहे. १० सेंटिमीटर बुडाली की ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो पाणी सरतं. नाव स्वतः ६० किलोंची. म्हणजे साठ-साठ किलोंची चार माणसं बसली की ती १० सेंटिमीटर बुडेल आणि पाण्यावर २५ सेंटिमीटर काठ उरेल. छान!

आता "बसू द्या हो, जागा आहे" म्हणत आणखी आठ जण चढले. एकूण वजन ७८० किलो. नाव २६ सेंटिमीटर बुडाली. वर उरला नऊ सेंटिमीटर काठ, तुमच्या वितीएवढाही नाही. नाव तरंगतेच आहे, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. पण एक जण उभा राहिला, नाव कलली, की त्या नऊ सेंटिमीटरांवरून पाणी आत. आत आलेलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि नाव आणखी कलते. पुढचं क्षणात होतं.

हे गणित नुसतं पाटीवरचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला. सहा जणी गेल्या. मजुरी नदीपलीकडे होती, म्हणून त्या डोंग्यात बसल्या होत्या. मी वर्गात हे गणित घालतो तेव्हा काठाची उंची फळ्यावर खडूनं आखून दाखवतो आणि पोरांना विचारतो, कितवा माणूस चढताना तुम्ही "आता पुरे" म्हणाल? मोठी माणसं बसलेली असली तरी म्हणायचं. आणि लाइफ जॅकेटशिवाय पाय ठेवायचा नाही.

पावसाळ्यात तर नदीकडे फिरकायचंच नाही. वर गोसीखुर्द धरणाची दारं उघडली की पाणी चढत जातं. ऑगस्ट २०२०च्या पुरात नदीकाठची गावं कशी वेढली गेली, ते तुमच्या आईबाबांना विचारा.

बरं, नाव झाली, हिवाळा आला, सोबत पोहणारी मोठी माणसं आहेत. जायचं कुठं? नकाशा उघडा. वैनगंगेला वर्धा मिळते, तिची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी याच वाटेनं बोटी आणायचा घाट घातला होता. खडकांपाशी कालवे आणि बंधारे बांधायला घेतले, बराच पैसा ओतला आणि १८७१ साली काम सोडून दिलं.

आज वाटेत बॅरेज आहेत. वडशाहून खाली निघालात की चामोर्शीकडचं चिचडोह बॅरेज लागेल. तिथे नाव काठावर घ्यावी लागेल. सागवानी असेल तर गावच गोळा करावं लागेल, प्लायवूडची असेल तर दोघं जण उचलून पलीकडे नेतील. पुढे थोड्याच अंतरावर मार्कंड्याची दगडी देवळं आहेत. तिथे वैनगंगा चक्क उत्तरेकडे वळते.