चोवीसाचे बारा

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या माळेत जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. जड इंजिनाचा स्टार्टर फिरवायचा तर तेवढा जोर लागतोच. पण बाजारात मिळणारा टेप कारसाठी बनलेला, १२ व्होल्टचा. या दोन आकड्यांमधल्या फरकावर निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत कितीतरी ऑटो इलेक्ट्रिशियनांच्या चुली पेटल्या. चिखलीहून सायकलवर तिथं कामाला जाणाऱ्या माझीही.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर काढायची. टेप लगेच वाजतो, ड्रायव्हर खूश. दुखणं मागाहून उमटतं. टेप एकट्या खालच्या बॅटरीतून करंट खातो आणि अल्टरनेटर मात्र दोघींना एकाच माळेत चार्ज करतो. मग खालची कायम अर्धपोटी राहते आणि वरची ओव्हरचार्ज होऊन पाणी आटवत बसते. दोन्ही वेळेआधीच बाद. आमच्या उस्तादांना असली वायर दिसली की ते आधी पक्कड घेऊन ती कापायचे, मग ड्रायव्हरशी बोलायचे.

त्यांचा स्वतःचा तोडगा म्हणजे ड्रॉपर. २एन३०५५ हा पत्र्याच्या टोपीचा जाडजूड ट्रान्झिस्टर, बेसवर झेनर डायोड आणि पाठीला ॲल्युमिनियमचा पंखेदार हीटसिंक. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतो आणि जास्तीचे १२ व्होल्ट अंगावर घेतो. टेप २ अँपियर ओढत असेल तर २४ वॅट टेपला आणि तितकेच २४ वॅट हीटसिंकला. थंडीत घाट उतरताना आमचा क्लीनर त्यावर हात शेकतो, असं एक ड्रायव्हर सांगायचा. चेष्टेत सांगायचा, पण खोटं नसावं.

पुढे मोबाइल आले आणि १२ चे ५ करायची वेळ आली. तेव्हा सगळे तीन पायांचा ७८०५ लावायचे. गुणी आयसी आहे, आजही मला आवडतो. पण जात तीच, जाळून कमी करणारी. फोनला १ अँपियर दिला तर ५ वॅट कामाला आणि ७ वॅट हवेत.

हे असंच असतं, असं मी धरून चाललो होतो. मग कुदळवाडीतून एक बोर्ड हाती आला. चिखलीची कुदळवाडी म्हणजे आमच्या भागातल्या भंगाराची पेठ. सुटलेली पॅनलं, यूपीएस, पॉवर सप्लाय तिथं किलोवर मिळायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेच्या बुलडोझरनी तिथली हजारो शेड पाडली. आगी आणि धूर यांचा त्रास खरा होता. पण एका आवारात हवा तो सुटा भाग मिळण्याची सोय गेली, तीही खरीच.

तो बोर्ड २४ चे ५ करणारा, आणि त्याला हीटसिंकच नव्हता. २ अँपियरचा लोड लावून ठेवला, बोट टेकवलं, तर जेमतेम कोमट. मग दोन्हीकडे मीटर लावले. बाहेर २ अँपियर जात होते आणि आत येत होता साधारण अर्धा. ड्रॉपरमध्ये जेवढा आत तेवढाच बाहेर, इथं बाहेरचा चौपट! मीटर बदलून पाहिला, काटा तिथंच. व्होल्टेज उतरलं त्या मापात करंट चढला होता. वॅटचा हिशेब जुळत होता, थोडी घट सोडली तर.

युक्ती अशी की इथला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतच नाही. एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. बंद असताना त्यातून करंट नाही, म्हणून उष्णता नाही; चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ उरत नाही, म्हणून उष्णता अगदी थोडी. ही उघडझाप सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालते. २४ चे १२ हवेत तर निम्मा वेळ चालू ठेवायचा, ५ हवेत तर साधारण एक पंचमांश.

पण असं तुकड्यातुकड्यांनी आलेलं व्होल्टेज कुठल्याही टेपला चालणार नाही. तिथं कॉइल लागते. आमच्या भागातल्या प्रेसशॉपमध्ये पॉवर प्रेसची मोटर लहानच असते. ती फ्लायव्हीलला वेग देते आणि पंच बसताना जोर चाकातून निघतो. कॉइलचं काम तेच, फक्त वेगाच्या जागी करंट. ट्रान्झिस्टर चालू असताना करंट चढत जातो आणि कॉइलमध्ये ऊर्जा साठते. तो बंद झाला तरी कॉइल करंटला एकदम थांबू देत नाही, तो पुढे ढकलतच राहते. त्या वेळी करंटला परतीची वाट देणारा एक डायोड असतो. तो काढला तर कॉइलचा झटका थेट ट्रान्झिस्टरवर येतो. उरलेली लाट कपॅसिटर सपाट करतो. आयसी सतत आउटपुट मोजतो. कमी पडलं की चालू वेळ वाढवतो, जास्त झालं की छाटतो.

आता हे सगळं काडेपेटीपेक्षा लहान बोर्डवर मिळतं. त्यावरचा एलएम२५९६ ४० व्होल्टपर्यंत घेतो, ३ अँपियरपर्यंत देतो आणि सेकंदाला दीड लाख वेळा उघडझाप करतो. कागदावर तरी. पंख्याशिवाय सलग ३ अँपियर ओढू नयेत, एवढं मी कुणालाही सांगतो. कडेला पितळी स्क्रूचा निळा प्रीसेट असतो. लोड जोडण्याआधी मीटर लावून तो स्क्रू फिरवायचा; आधीची सेटिंग काय असेल, नेम नाही. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर आतले २४ च्या २४ बाहेर येतात, म्हणून माझ्या बसवणीत फ्यूज आणि संरक्षक झेनर असतोच. उघडझापीचा गोंगाटही होतो. पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झचं केंद्र लावलेल्या रेडिओजवळ असला बोर्ड चालू केला की बातम्यांमागे शिट्टी घुमायची. ड्रॉपरची ही तक्रार कधी नव्हती.

टेप गेले, ट्रकही माझ्याकडे कमी येतात. आता येतात त्या ई-रिक्षा. १२ च्या चार बॅटऱ्या, ४८ व्होल्ट. मोटर थेट त्यावर, पण हॉर्न, दिवे आणि वायपर १२ वर. परवाच एक जण आला, "मिस्त्री, गाडी पळते पण हॉर्न वाजत नाय, बॅटरी गेली का?" चार बॅटऱ्यांचं बिल डोळ्यांपुढे नाचत असावं. सीटखालची ॲल्युमिनियमची डबी उघडली. आत येणारे ४८ व्यवस्थित, बाहेर शून्य. नवी डबी बसवून दिली आणि जुनी ठेवून घेतली. कॉइल शाबूत होती.