एकवीस आकडी संख्या आणि तीन वर्षांचे रविवार

मंडळी, आज थोडं गणित. घाबरू नका, मी स्वतः मराठी माध्यमातली बी.ए. शाळेत शिक्षक कमी म्हणून गणिताचे तास माझ्याकडे आले आणि निवृत्तीपर्यंत राहिले.

२ चा ६७वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. येतात १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. आपल्या जुन्या मोजणीत परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही संख्या १४७५ परार्धांच्याही पुढे जाते!

मेरसेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली ही मूळ संख्या आहे असं लिहून ठेवलं. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच निःशेष भाग जात नाही. १८७६ साली ल्युका या गणितज्ञाने सिद्ध केलं की ती मूळ नाही. गंमत अशी, की भाग कशाने जातो हे मात्र त्यातून कळत नव्हतं! ते दाखवलं फ्रँक नेल्सन कोल यांनी, १९०३ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत:

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

एक शब्दही न बोलता त्यांनी फळ्यावर गुणाकार मांडला, आणि शोधायला 'तीन वर्षांचे रविवार' लागले, अशी आख्यायिका सांगतात.

शोधताना एक खूण हाताशी असते. लहान उदाहरण घ्या. २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, म्हणजेच २३ × ८९. आता २२ आणि ८८, दोन्हींना ११ ने भाग जातो. घातांक मूळ असेल तर प्रत्येक विभाजकाचं असंच असतं. पण कोल यांच्या लहान विभाजकापर्यंत पोचायला ६७ च्या २८,९१,१६०व्या पटीपर्यंत जावं लागतं. एकेक करून कोण जाणार?

गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर माझा स्वतःच्या आकडेमोडीवरचा भरवसा उडाला होता. दुधाचा हिशेब मांडला की मुलगा हळूच कॅल्क्युलेटर पुढे करी. म्हणून हा गुणाकार मुद्दाम हाताने करायला घेतला. लहान संख्येत ७ तीनदा येतात, तेव्हा ती ओळ एकदाच काढायची आणि सरकवून लिहायची. दोन दुपारी गेल्या. आधी नऊची कसोटी: दोन्ही संख्यांची बाकी १, उत्तराचीही १. कसोटी जुळली म्हणजे उत्तर बरोबरच असं नव्हे, म्हणून एकवीसही आकडे एकेक करून ताडून पाहिले. जुळले! वही मुलाला दाखवली. तो काही बोलला नाही, पण कॅल्क्युलेटर आता कपाटात असतो.

असो. कॉम्प्युटर हे क्षणात करतो, ठाऊक आहे. शोधणं आपल्या आवाक्यातलं नव्हतंच, पण पडताळून बघायला चौथीचा गुणाकार पुरतो. नातवंडांनो, सुट्टीत एकदा वही घेऊन बसा बरं.