पाच तारे आणि अठरा टक्के

जानेवारी आला की एचआरची मेल येते, इन्व्हेस्टमेंट प्रूफ जमा करा. मग पुढचे दोन आठवडे आमचा अख्खा फ्लोअर सीए होतो. कँटीनमधे कोडबद्दल अवाक्षर नाही, सगळे कलमांवर बोलतात. त्यातच टीममधल्या एकाने विचारलं, "घरात सोलर बसवलं, फाइव्ह स्टार एसी घेतला, तर ते कुठल्या सेक्शनमधे बसतं रे?"

कुठल्याच नाही. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. पगारदार माणसाने विजेवर चालणारी गाडी घेतली तर कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट होती (१ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ मधे मंजूर झालेल्या कर्जांसाठी), पण घर विजेच्या दृष्टीने सुधारलं तर इन्कम टॅक्समधे त्याचं नाव नाही. विमा काढा, पीपीएफ भरा, पोराची फी भरा, सगळ्याला जागा आहे. एसी बदला, जागा नाही.

अमेरिकेत होती. न्यू जर्सीला माझा मावसभाऊ असतो. गेल्या डिसेंबरात दादाचा फोन आला की सारखा हीट पंपच्या मिस्त्रीचाच विषय. तिकडे हीट पंप बसवला तर खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त २००० डॉलर, सरळ करातून वजा व्हायचे. खिडक्यांना ६०० डॉलरपर्यंत, आणि छतावरच्या सोलरला ३० टक्के, कमाल मर्यादा नाही. जुलै २०२५ मधे तिथे नवा कायदा आला आणि घरमालकांसाठीच्या या दोन्ही सवलती ३१ डिसेंबर २०२५ ला संपल्या. नुसते पैसे भरून भागत नव्हतं, उपकरण त्या तारखेच्या आत बसवून झालेलं हवं. त्यामुळे दादाने हीट पंपचा इन्स्टॉलर पकडण्यासाठी जी धावपळ केली, तेवढी लग्नाच्या हॉलसाठीही केली नसेल. बरं, ही सवलत ज्याला कर भरायचाच नाही त्याला शून्य. घर ज्याचं मोठं आणि कर ज्याचा मोठा, फायदा त्यालाच जास्त.

आपल्याकडे अशी वजावट आणली असती तर गंमतच झाली असती. २०२५-२६ पासून नव्या रेजिममधे १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. म्हणजे वजावट कशातून करणार? माझ्या बाबांचं उदाहरण घ्या. सातारला आमचं स्वतःचं बैठं घर आहे, बाबा पेन्शनर. त्यांना "सोलर बसवा, टॅक्स वाचेल" म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, कुठला टॅक्स? पण २०२४ मधे पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजारांवर मर्यादा. बाबांनी ३ किलोवॉट बसवलं, एक लाख ८० हजार खर्च आला आणि ७८ हजार थेट बँकेत जमा झाले. फॉर्म १६ नाही, कलम नाही. मला वाटतं या बाबतीत आपलं सरकार अमेरिकेपेक्षा शहाणपणाने वागलं. (असं वाक्य मी वारंवार लिहीत नाही, नोंद घ्यावी.)

करसवलतीचं आपल्याकडचं खरं उदाहरण धंदेवाल्यांचं आहे, आणि तेही आमच्या सातारचंच. पाटण तालुक्यातल्या वनकुसवडेच्या पठारावर गेला असाल तर नजर जाईल तिथपर्यंत पवनचक्क्या दिसतात. लहानपणी आम्हाला वाटायचं, वारा खूप म्हणून त्या तिथे आहेत. वारा होताच, पण दुसरं कारण होतं घसारा. पवनचक्कीच्या किमतीवर एके काळी पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, पुढे तो ८० टक्के झाला. नफा भरपूर झालेल्या कंपनीने मार्चच्या आत चक्की उभी केली की त्या वर्षीचं करपात्र उत्पन्न तेवढं खाली. सवलत चक्की उभी करण्याला होती, ती फिरण्याला नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर लाइन्स ऑफ कोडवर अप्रेझल, फीचर चालतंय का ते कोणी बघत नाही. हे लक्षात आल्यावर डिसेंबर २००९ मधे सरकारने तयार झालेल्या युनिटवर पैसे देणारी दुसरी योजना आणली. एप्रिल २०१२ मधे पवनचक्क्यांचा जादा घसारा काढला, तर नव्या चक्क्या एकदम कमी झाल्या, म्हणून २०१४ मधे परत दिला. १ एप्रिल २०१७ पासून हा दर ४० टक्क्यांवर आहे आणि सोलरलाही तोच. म्हणजे एखाद्या डॉक्टरने क्लिनिकवर एक लाखाचं पॅनल लावलं तर पहिल्या वर्षी ४० हजार उत्पन्नातून वजा, ३० टक्क्यांच्या स्लॅबमधे १२ हजार वाचले. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मेच. बाबांना यातलं काही नाही, डॉक्टरला सूर्यघर नाही.

आणि मला यातलं काहीच नाही, कारण मी भाडेकरू.

नेरुळला मी राहतो ती सोसायटी सात मजली, ४२ फ्लॅट. गच्चीवर २० किलोवॉट सोलर लावायचा विषय गेलं वर्षभर चालू आहे. सेक्रेटरी काकांनी मला एक्सेल करायला सांगितलं. (मीटिंगमधे मत द्यायचा अधिकार नाही, पण एक्सेलला मालकी हक्क लागत नाही.) सोसायटीच्या कॉमन मीटरला या योजनेत किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, म्हणजे २० ला तीन लाख साठ हजार. जागा लागते साधारण दोन हजार चौरस फूट. महिन्याला सरासरी २४०० युनिट. लिफ्ट आणि पाण्याचे पंप एकाच मीटरवर असल्याने आमचं युनिट वरच्या स्लॅबला जातं, त्यामुळे तीनेक वर्षांत पैसे वसूल. शिवाय जी गोष्ट कोणी मोजत नव्हतं ती मी घातली. घरगुती बिलावर राज्य सरकारचं वीज शुल्क १६ टक्के असतं. बिलाचे हजार रुपये वाचले की वरचे १६० पण वाचतात. म्हटलं तर हीच आपल्याकडची खरी करसवलत, फक्त तिला कुणी ते नाव दिलेलं नाही.

गणित कुणालाच खोटं वाटलं नाही. अडलं दुसरीकडे. सातव्या मजल्यावरच्यांना गच्ची गळायची भीती. पावसाळ्यात नवी मुंबईच्या गच्च्या काय करतात हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको, उगाच नाही निम्म्या शहराने डोक्यावर पत्र्याच्या शेड घातल्यात. आणि दुसऱ्या बाजूला रीडेव्हलपमेंट. वाशीत सिडकोच्या जुन्या इमारती पाडून टॉवर चढताना सगळे बघतात, मग "आपलंही आठ-दहा वर्षांत होईलच" म्हणून २५ वर्षं टिकणाऱ्या पॅनलला पैसे द्यायला हात आखडतो. वास्तविक पॅनल बोल्ट काढून दुसरीकडे नेता येतात, आणि तीन वर्षांत फिटणारी वस्तू आठ वर्षं चालली तरी फायदाच. पण बिल्डरचं आमिष मोठं आहे. २०२० च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंगच्या इमारतीला मूळ एफएसआयच्या ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. पुण्यात महापालिका सोलर किंवा पर्जन्यजल संधारणासाठी मालमत्ता करात ५ टक्के सूट देते, दोन्ही असतील तर १०. त्या सुटीची चर्चा मी कधी कुणाच्या तोंडी ऐकली नाही. एफएसआयची मात्र आमच्या लिफ्टमधेही होते. चौरस फुटांपुढे टक्के काय करणार!

असो. आता माझा एसी.

फ्लॅटमधला एसी जुना, नॉन-इन्व्हर्टर. विकत घेणार घरमालकीण काकू, बिल भरणार मी. त्यांनी स्वस्तातला थ्री स्टार घ्यावा यात त्यांची चूक नाही. घरभाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, घरावर एक रुपया खर्च करा नाहीतर लाख. म्हणजे माझं बिल कमी करायला काकूंनी जादा पैसे घातले तर टॅक्समधे त्यांना काडीचा फायदा नाही.

दुकानात दोन्ही एसींची लेबलं बघितली. दीड टनात थ्री आणि फाइव्ह स्टारमधे वर्षाला २२० युनिटचा फरक, आणि तो १६०० तास धरून. माझं आठवड्यात तीन दिवस वर्क फ्रॉम होम, तेव्हा २५०० तास धरले तर साडेतीनशेच्या आसपास. १२ रुपयांनी चार हजार रुपये वर्षाला. किमतीतला फरक सहा हजार, अधिक जीएसटी. इथे मी थांबलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, पण एक स्टार असो की पाच, दर तोच. मग जो वीज वाचवायला सहा हजार जास्त घालतो, त्याच्याकडून सरकार १०८० रुपये जास्त घेतं. त्याच दिवशी सोलर पॅनल १२ वरून ५ टक्क्यांवर आणलं. वीज तयार करणाऱ्याला ५ आणि न वापरणाऱ्याला १८! न वापरलेल्या युनिटला पॅनल लागत नाही, गच्ची लागत नाही, आणि ते गळतही नाही. एसीच्या जीएसटीला स्टारप्रमाणे पायऱ्या लावल्या तर कुठलाही फॉर्म न भरता भाडेकरूपर्यंतसुद्धा सवलत पोचेल. स्टारचं लेबल बाहेर चिकटवलेलंच असतं.

तोपर्यंत काकूंना फोन केला. म्हटलं, थ्री स्टारचे पैसे तुम्ही घाला, वरचे ७०८० मी घालतो, फक्त ११ महिन्यांऐवजी ३३ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करा. दोन वर्षांच्या आत माझे पैसे वसूल होतात, म्हणून ३३.

काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "अरे, ते ठीक आहे. पण जाताना एसी काढून नेणार नाहीस ना?"

तेही अ‍ॅग्रीमेंटमधे लिहिलं आहे. गुरुवारी माणूस येतोय बसवायला.