आवृत्ती कितवी?

पुस्तक हातात आले की कोणी आधी मुखपृष्ठ पाहतो, कोणी अर्पणपत्रिका पाहतो. आम्ही मास्तर लोक मात्र आधी साल पाहतो. ही खोड आमच्या धंद्याने लावलेली आहे. वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा आजोबांच्या कपाटातले जुने पुस्तक घेऊन येतो आणि विचारतो, "सर, यात 'नाहीं'वर टिंब आहे. हे चूकच ना?" मी पहिले पान उलटून साल बघतो. १९६२च्या आधीचे असले, तर ते चूक नाही. त्या काळच्या नियमाने अगदी शुद्ध आहे. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने मान्य केले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार रजेवर गेले, ते कायमचेच. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. पुस्तकावर सालाचा तो चिमुकला आकडा नसता, तर आपल्या आजोबांची सारी पिढी अशुद्ध ठरली असती!

टिंब गेल्याने असे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पूर्वी 'नांव' म्हणजे माणसाचे आणि 'नाव' म्हणजे नदीतली, असा चोख हिशेब होता. टिंब गेले आणि दोन्ही शब्द एकाच घरात राहू लागले. तरी आपले अडत नाही. नाव बुडाली म्हटले की होडी, नाव बुडाले म्हटले की अब्रू. क्रियापद वेळेवर धावून येते. पण जिथे क्रियापदच नाही, तिथे काय करायचे?

हा प्रश्न माझ्यापुढे आणला माझ्या भाचीने. आमच्या विश्रामबागेत १९४७ सालापासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत संगणकाच्या गोष्टी आमटीभाताबरोबरच वाढल्या जातात. भाची आणि तिची मैत्रीण एका संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात हिरिरीने भांडत होत्या. वादाचा विषय असा, की सेटिंगच्या फाइलीवर आवृत्तीचा आकडा असावा की नसावा.

"मामा, प्रोग्रॅम सुरू होताना एक फाइल वाचतो," भाचीने मला समजावले. "अक्षर केवढे, भाषा कोणती, काम कुठे साठवायचे, किती थांबायचे, असे एकेका ओळीत लिहिलेले असते. स्वयंपाकाच्या मावशींसाठी आपण ओट्यावर चिठ्ठी ठेवतो ना, तशी."

म्हणजे क्रियापद नसलेली चिठ्ठी! पुढे प्रोग्रॅम नवा येतो आणि चिठ्ठी जुनीच राहते. समजा, जुना प्रोग्रॅम 'थांबा : ३०' याचा अर्थ तीस सेकंद असा घेत होता आणि नवा तीस मिनिटे असा घेतो. चिठ्ठी निरपराध, प्रोग्रॅमही निरपराध, आणि माणूस अर्धा तास ताटकळत बसलेला. वर एवढेच लिहिले असते, की ही चिठ्ठी पहिल्या आवृत्तीच्या नियमाने लिहिली आहे, तर नव्या प्रोग्रॅमने जुना अर्थ लावला असता. निदान "मला हे कळत नाही" असे प्रामाणिकपणे सांगितले असते.

मैत्रिणीचे म्हणणे निराळे. शब्दाचा अर्थ बदलावाच कशाला? नवा अर्थ हवा तर नवा शब्द घ्यावा, जुन्याला हात लावू नये. मग आकड्याचे कामच काय? हेही खोटे नाही. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थांनी 'जेसन' नावाची मांडणी रूढ केली आणि तिला मुद्दामच आवृत्तीचा आकडा दिला नाही. ती बदलायचीच नाही, हा त्यांचा बाणा! पण जेसन म्हणजे नुसते व्याकरण; कंस कुठे, स्वल्पविराम कुठे, एवढेच ते सांगते. कंसातल्या शब्दांचा अर्थ ज्याचा त्याने ठरवायचा, आणि तो बदलतोच.

'यॅमल' नावाच्या दुसऱ्या मांडणीची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. तिच्या १.१ या आवृत्तीत इंग्रजी 'नो' म्हणजे 'नाही' असे धरत. आता देशांच्या यादीत नॉर्वेसाठी लिहायची दोन अक्षरेही एन आणि ओ हीच! यंत्र नॉर्वेपाशी आले की "नाही" म्हणून मोकळे. २००९च्या १.२ आवृत्तीने हा नियम बदलला. पण कित्येक प्रोग्रॅम अजून जुन्याच चालीने वाचतात. फाइलीच्या डोक्यावर आवृत्ती लिहिण्याची सोय आहे. लिहितो मात्र क्वचितच कोणी.

मी हे सारे कौतुकाने ऐकून उठलो असतो. पण माझेही एक गाठोडे याच रानात हरवलेले होते. माझ्या पहिल्या कादंबरीतले वडिलांवरचे प्रकरण पाने वाढतात म्हणून छापताना गळले. त्याचे हस्तलिखित पेठेतल्या जुन्या घरात होते. ते २०१९च्या महापुरात कृष्णामाईने नेले. उरली ती डीटीपीवाल्याकडची फाइल. तेव्हाचे मराठी टंक आपली अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत, आणि प्रत्येक टंकाची बैठक वेगळी. या फाइलीची बैठक कोणती, ते तिच्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. उघडली की नुसता रोमन अक्षरांचा कालवा!

भाचीने तीन संध्याकाळी खपून एकामागून एक टंक लावून पाहिले, आणि अखेर मराठी उमटले. मी अधाशासारखा वाचू लागलो. "दादा पहाटे दोन दर्या ओलांडून शाळेत जात." माझ्या वडिलांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता! ते ओलांडीत सह्याद्रीच्या दऱ्या. अक्षरांच्या या स्थलांतरात 'दऱ्या'तला अर्धा र बदलला आणि डोंगरातला मास्तर खलाशी झाला. मी त्यांचा मुलगा, म्हणून मला कळले. पन्नास वर्षांनी माझा नातू हे वाचील, तेव्हा पणजोबांच्या सागरी पराक्रमाच्या गोष्टी तो मोठ्या अभिमानाने सांगेल. जी फाइल उघडतच नाही, तिची हळहळ वाटते; पण जी खुशाल उघडते आणि खोटे बोलते, तिची मला खरी भीती वाटते.

म्हणून मी भाचीच्या पक्षाचा. आकडा घालायला एक ओळ लागते, आणि ती पहिल्याच दिवशी घालावी लागते. नंतर सुचले, तर तोवर बिनआकड्याच्या फाइली गावभर झालेल्या असतात. मात्र नुसत्या आकड्यानेही भागत नाही. १९६२च्या आधीचे नियम सांगणारा कोणी मास्तर वर्गात असावा लागतो, तसा जुन्या आवृत्तीचा अर्थ जाणणारा भाग नव्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी सांभाळावा लागतो. ती चिकाटी असेल, तरच आकड्याला किंमत.

आणि वाचकहो, हे केवळ संगणकवाल्यांचे प्रकरण आहे असे समजू नका. या दिवाळीत सासूबाईंना विचारून चकलीचे प्रमाण वहीत उतरवाल : किलोभर भाजणीला अर्धी वाटी मोहन. त्याच्या शेजारीच, ही वाटी कोणती, तेही लिहून ठेवा.