दिवाणजींचे घर

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीत एक जुने गुळाचे अडत दुकान आहे. तेथे ३४ वर्षे जमाखर्च लिहिणारे दिवाणजी गेल्या आषाढात निवृत्त झाले. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी त्यांची जागा रिकामी पाहून नातवाने मालकांना विचारले, "आजोबा, दिवाणजी तुमचे मित्र होते की नोकर?" अण्णांना चटकन उत्तर देता आले नाही.

व्यवहारात मैत्री आणू नये, ही शिकवण व्यापारी घरांत लहानपणीच मिळते. ती निराधार नाही. उधारी वसूल करताना स्नेह आड येतो. पगार देणारा आणि घेणारा यांच्यात चूक दाखवण्याचा अधिकार बहुधा एकालाच असतो. तरीही दिवसाचे दहा तास ज्याच्या शेजारी गेले, तो केवळ पगारपत्रकातील एक नाव कसा ठरेल?

या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापूरने पाहिले आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल एकत्र काम करीत. १९२९ मध्ये शांताराम, केशवराव धायबर आणि सराफ सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी येथेच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. पाच भागीदारांची जोडणी पुढे टिकली नाही. धायबर बाहेर पडले; १९४२ मध्ये शांतारामांनीही कंपनी सोडली. भागीदारी अशी विरते, हे व्यापाऱ्यांना नवे नाही. दामले आणि फत्तेलाल मात्र १९४५ मध्ये दामल्यांचे निधन होईपर्यंत एकत्र राहिले. एक हिंदू, एक मुसलमान. एकाची गती ध्वनिमुद्रणात, दुसऱ्याची कलादिग्दर्शनात. १९३६ च्या 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक म्हणून दोघांची नावे जोडीने लागली आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात झालेला गौरवही दोघांचाच ठरला.

पण दामले आणि फत्तेलाल बरोबरीचे भागीदार होते. मालक आणि दिवाणजी तसे नसतात. तेथे नोकराने जवळीक दाखवली तर ती सलगी किंवा लाचारी समजली जाते. म्हणून पहिले पाऊल मालकालाच उचलावे लागते. ते अण्णांनी कधी उचलले नव्हते. दिवाणजींच्या मुलीच्या लग्नास ते गेले होते, आहेराचे पाकीट देऊन अर्ध्या तासात परतले होते. दिवाणजींच्या घराचा उंबरठा मात्र त्यांनी कधी ओलांडला नव्हता.

पांडवपंचमी झाल्यावर एका रविवारी दुपारी अण्णा नातवाला घेऊन दिवाणजींकडे गेले. हातात पाकीट नव्हते. दिवाणजी गडबडून उभे राहिले. "बसा दिवाणजी, आज मी पाहुणा आहे," असे अण्णांना दोनदा सांगावे लागले. आधी गुळाच्या सौद्यांची आणि भावाची चौकशी झाली. मग बोलणे थांबले. त्या शांततेत अण्णांना उमगले की, पेढी वगळली तर दोघांकडे बोलण्यासारखे फारच थोडे आहे. थोड्या वेळाने त्यांनी दिवाणजींच्या गुडघ्याविषयी विचारले. तो आठ वर्षांपासून दुखत होता. अण्णांना ते आजच कळले.

गप्पांत ऊन उतरले. दिवाणजींनी खिडकीबाहेर पाहिले आणि सुनेला हाक मारली, "ताट लवकर वाढ गं, अण्णा दिवस मावळल्यावर काही घेत नाहीत. कांदा-लसूण न घातलेली आमटी वेगळी काढली आहेस ना?"

परतताना नातवाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. अण्णा म्हणाले, "ते माझे मित्र होतेच. मी त्यांचा झालो नव्हतो. पुढच्या रविवारी पुन्हा येऊ."