मामा, बोर्ड जिवंत आहे

प्रिय मामा,

शाळेच्या लॅबमधला तो कॉम्प्युटर चालू झाला. पंखा फिरायचा, दिवा लागायचा आणि डिस्प्ले काही यायचा नाही, तोच. दुकानदाराने डबा न उघडताच ‘मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या’ असं सांगितलं होतं. फोनवर हे ऐकून तू काय म्हणालास? “असू दे गं. आता कोण दुरुस्त करत बसतं?” मामा, हे तू म्हणावंस?

पंखा फिरतो यावर विसंबायचं नाही, हे तूच शिकवलंस ना? प्रोसेसरची वेगळी चार पिनांची वायर निघालेली असली, तरी पंखे फिरत राहतात. आधी प्लग काढायचा, बटण दाबून धरून उरलासुरला करंट जाऊ द्यायचा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच रॅमला. मी घाई केली की तू काही न बोलता माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घ्यायचास. फार राग यायचा तेव्हा.

आणि ते रॅम मुद्दाम काढून मशीन चालू करणं! गिऱ्हाईक घाबरायचं, तू मात्र कान देऊन बसायचास. बीप आली की तुझा चेहरा खुलायचा. “ओरडला! प्रोसेसर आणि बायोस शाबूत आहेत.” हल्लीच्या कॅबिनेटांत स्पीकर नसतो, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सुटा स्पीकर तू मला दिला होतास. परवा तोच जोडला. रॅम नसताना बोर्ड असा ओरडला की मागे उभ्या मुली दचकल्या. मला मात्र तिथेच तुला फोन करावासा वाटला.

रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या, दोन्ही खटके बसेपर्यंत पट्टी दाबली. डिस्प्ले आला, पण विंडोज उघडेना. डिस्प्ले नसणं वेगळं आणि बूट न होणं वेगळं, हे तू किती वेळा बजावलं आहेस! बायोसमध्ये तारीख पाहिली, तर 1 जानेवारी 2012. मग काय, सेल! त्या सीआर2032वर 3 व्होल्टऐवजी मीटर जेमतेम 2 दाखवत होता. सेल संपल्यामुळे सेटिंग मूळपदावर गेलं होतं. विंडोज टाकलेलं जुन्या लेगसी पद्धतीने, आणि बोर्ड शोधत होता यूईएफआयने. सेल बदलला, सेटिंग फिरवलं, झालं.

एवढ्यासाठी अख्खा बोर्ड भंगारात गेला असता, मामा. फुगलेले कपॅसिटर बदलून तू किती बोर्ड उठवलेस! सोल्डरच्या वासाने वैतागून मामी खिडक्या उघडत फिरायची. तेव्हा तू कुणाला ‘नवीन घ्या’ म्हणाला नाहीस. दुकान बंद केलंस, गुडघे दुखतात, सगळं मान्य. पण हातातली विद्या अशी कपाटात ठेवायची? मला राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

दहावीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, रॅम नसताना तो ओरडला कसा?” मला येत होतं तेवढं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तिला तू हवास.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी ये. दुपारचं जेवण माझ्याकडे. येताना तुझा मीटर आण, इथला भरवशाचा नाही. कोपऱ्यात ‘स्क्रॅप’ अशी चिठ्ठी लावलेले आणखी डबे आहेत. त्यातला एक चालू होतो, दोन सेकंदांत बंद पडतो, पुन्हा आपोआप चालू होतो. त्याला मी अजून हात लावलेला नाही. आधी एसएमपीएस बदलून बघू, की सगळं सोडवून नुसता बोर्ड टेबलावर घेऊ? एवढं तरी लगेच कळव.

तुझी,
ताई